दुनळीचा नेम

काडतुसात दारू नेमकी किती भरावी, हा प्रश्न अमेरिकेतल्या ओहायो नाहीतर आयोवा राज्यातला एखादा निवृत्त मास्तर ज्या गांभीर्याने घेतो, ते पाहून आपल्याकडच्या सराफांनीही मान खाली घालावी. जेवणं उरकली, घर झोपलं की हा गृहस्थ गॅरेजात दिवा लावून बसतो. समोर चिमुकला तराजू. दारू तोलायची ती ग्रेनमध्ये, आणि एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. त्यातही दशांशाचा फरक त्याला खपत नाही. काडतुसाच्या बुडाशी टोपी, टोपीवर दारू, दारूवर बूच आणि बुचावर स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी घातलेली एकच जाड गोळी. ही गोळी नळीपेक्षा बारीक असते, म्हणून तिच्याभोवती प्लॅस्टिकच्या फाकळ्यांचं एक वेष्टण बसवतात. त्याला म्हणतात सॅबो. नळीच्या आतल्या पिळदार खाचांना सॅबो घट्ट धरतो, गोळीला गरगर फिरवतो, आणि नळीबाहेर पडताक्षणी हवेच्या माऱ्याने त्याच्या फाकळ्या गळून पडतात. पुढे एकटी गोळी जाते. सगळं जमून आलं तर शंभर यार्डांवरच्या पुठ्ठ्यावर तीन गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत लागतात, आणि मास्तर समाधानाने झोपायला जातात. हे सगळं पैसे वाचवण्यासाठी चाललंय, असं ते घरी सांगतात. त्यासाठी घेतलेलं यंत्र, तराजू आणि गोळीचा वेग मोजायचं उपकरण यांचा हिशेब बहुधा वेगळ्या वहीत असतो.

हा खटाटोप मुळात कायद्यातून जन्मला. मक्याच्या त्या सपाट मुलखात वस्ती दाट, शेताला शेत लागलेलं. रायफलीची गोळी हरणाला चुकली तर पलीकडच्या गावात कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाईल, म्हणून अशा राज्यांनी वर्षानुवर्षं हरणाच्या शिकारीला रायफल बंद ठेवली आणि छर्ऱ्याच्या बंदुकीला परवानगी दिली, कारण तिचा पल्ला तोकडा. माणसाचा स्वभाव असा, की पल्ला तोकडा म्हणून जी बंदूक हातात दिली, तिचाच पल्ला वाढवण्याच्या मागे तो लागला. तशी एकगोळीची कल्पना जुनी. जर्मनीत ब्रेनेके यांनी आपली स्लग १८९८ साली काढली, अमेरिकेत फॉस्टर यांनी १९३१ साली. सॅबो ही त्याच हट्टाची पुढची पायरी. एकेका ग्रेनचा हिशेब करून मास्तरांनी कायद्याला न दुखावता छर्ऱ्याच्या बंदुकीची जवळजवळ रायफल करून टाकली.

आता बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांकडे वळू. इथेही सपाट मुलूख आहे, शेताला शेत लागलेलं आहे, मक्याऐवजी ऊस आहे आणि हरणाऐवजी रानडुक्कर आहे. बाराबोरची बंदूकही आहे, आणि ती पिढ्यान् पिढ्या आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बाराबोर, असा तिचा हिशेब. म्हणजे एकेक गोळी सव्वातीन तोळ्यांच्या आसपास. सोन्याची असती तर या भागात तिचं काय झालं असतं हे सांगायला नको. साहित्याचीही टंचाई नाही. देशी बाराबोरचं काडतूस आपल्याच जिल्ह्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं, आणि तो कारखाना १८६९ सालापासून उभा आहे. खरा सॅबोसुद्धा पुणे जिल्ह्याला परका नाही. पाषाणच्या ‘एआरडीई’ने, म्हणजे संरक्षण खात्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने, रणगाड्याच्या तोफेसाठी जो चिलखतभेदी गोळा तयार केला, त्यात हेच तत्त्व आहे: बारीक बाण, त्याभोवती नळीभर वेष्टण, तोंडाशी वेष्टण गळतं आणि बाण पुढे जातो. तरीही नीरा डाव्या कालव्याच्या दोन्ही काठांवर फिरून या, रात्री दिवा लावून काडतुसाची दारू तोलणारा एकही माणूस सापडायचा नाही. असं का?

याचं तयार उत्तर पुण्याच्या पेठांतून लगेच मिळतं: आपल्या लोकांना अचूकपणाची कदरच नाही, सगळा कारभार अंदाजपंचे. हे उत्तर देणाऱ्याने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर नावाचं गाव आहे, एवढं तरी लक्षात घ्यायला हवं होतं. वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारला, आणि त्याच वसाहतीत पुढे साखर कारखान्यांची यंत्रं आणि नंतर ‘इस्रो’च्या रॉकेटांची पोलादी आवरणं तयार होऊ लागली. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ला उचलून नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे भाग याच गावात घडलेले आहेत. लक्ष्य पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटरांवर, तेही फिरतं, आणि नेम लागला. तिकडे बारामतीत कृषी विज्ञान केंद्राच्या शेतावर उसाला पाणी किती आणि खत किती, हे उपग्रह, संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या सल्ल्याने ठरवण्याचा प्रयोग चालू आहे. त्याची वाखाणणी २०२५च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी केली. ज्या भागात उसाच्या मुळाशी जाणारं पाणी मोजलं जातं आणि ज्याच्या पोलादाने चंद्र गाठला जातो, त्या भागाला बंदुकीची दारू तोलता येत नसेल, हे पटण्यासारखं नाही. येत असूनही तो तोलत नाही, याचा अर्थ त्याला तिथे ती गरज दिसलेली नाही. माझं म्हणणं एवढंच, की या दोन तालुक्यांतली बंदूक न उडताच बरोबर लक्ष्यावर लागते, आणि अमेरिकेतला मास्तर जी मेहनत काडतुसावर घेतो, ती इथला शेतकरी दुसऱ्या एका वस्तूवर घेतो. त्या वस्तूकडे येण्याआधी बंदूक का उडत नाही, ते पाहू.

पहिली अडचण उसाची. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. वर्षभराच्या उसात शिरलेल्या माणसाला पुढची सरी दिसते, त्यापुढची दिसली तर दिसते, आणि त्यानंतर पाचट. आत डुक्कर आहे हे कळतं ते कडाकडा कांडी मोडल्याच्या आवाजावरून. आवाज उत्तरेकडून आला म्हणून बॅटरी तिकडे मारावी, तोवर डुक्कर दक्षिणेकडच्या बांधावरून शेजाऱ्याच्या मक्यात गेलेलं असतं. शंभर यार्डांवर वाटीएवढ्या जागेत तीन गोळ्या लावणाऱ्या काडतुसाला निदान शंभर यार्डांवरचं काहीतरी दिसावं लागतं. उसाच्या फडात दहा फुटांवर मेहुणा उभा असला तरी दिसत नाही. आणि मेहुणा तिथे असण्याची शक्यता डुकरापेक्षा पुष्कळ जास्त, कारण शेतीपंपाची वीज आठवड्यातल्या ठरावीक दिवशी रात्रीच येते आणि पाणी धरायला माणूस रात्रीच जातो. बांधापलीकडे ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या असतात, कालव्याच्या भरावावरून कारखान्याच्या पाळीवरून सुटलेला कामगार मोटारसायकलवर घरी निघालेला असतो. सॅबो स्लग नळीतून सुटते ती सेकंदाला साडेचारशे मीटरच्या घरात. तिचा नेम जितका चांगला, तितकं तिने दूरवर कोणाचं तरी वाटोळं करायचं. ओहायोने रायफल बंद केली ती याच भीतीने. आपल्याकडे ती भीती कायद्याआधी उसानेच घालून ठेवली आहे.

दुसरी अडचण सरकारी. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाने दारूगोळा बनवायलाही परवाना लागतो. म्हणजे बंदुकीचा परवाना खिशात असला म्हणून घरच्या माडीवर काडतूस भरत बसलात, तर तो छंद ठरत नाही, गुन्हा ठरतो. काडतुसं घ्यायची दुकानातून, परवान्यावर लिहिलेल्या संख्येत. त्यानंतर डुक्कर. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोका झालेल्या प्राण्याला मारण्याची सोय आहे, पण अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने आणि कारणं नमूद करून. कायदा योग्यच आहे. फक्त डुकराचा स्वभाव असा, की कारणं नमूद होईपर्यंत ते थांबत नाही. आणि आदेश हातात पडलेल्या रात्री ते येतंच असंही नाही. त्यातून जिरायती पट्ट्याकडे नेम धरला तर वेगळीच पंचाईत. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली घोषित झालेलं, खास चिंकाऱ्यांचं. इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे. हे दोघेही पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे कायद्याच्या लेखी सर्वांत लाडके. अंधारात डुक्कर समजून चिंकाऱ्याला गोळी लागली, तर पुढच्या पिढीला उसाचं बिल वकिलाच्या खात्यात थेट जमा करण्याची व्यवस्था करावी लागेल. चुकीच्या प्राण्याला अचूक लागलेली गोळी ही न लागलेल्या गोळीपेक्षा महाग पडते, हे इथल्या माणसाला न सांगता कळतं.

मग बंदूक असते कुठे? सामान्य माणसाला दिसते ती बँकेच्या दारात. स्टुलावर बसलेला निवृत्त फौजी, मांडीवर दुनळी, छातीवरून आडव्या गेलेल्या कातडी पट्ट्यात पाच-सहा काडतुसं, त्यांच्या पितळेवर हिरवट झाक चढलेली. पट्ट्याची शिवण एका जागी सुटून तिथे काळ्या दोऱ्याने टाके घातलेले असतात. समोरच्या काउंटरवर पैसे काढायच्या चिठ्ठ्यांशेजारी सुतळीने बांधलेलं पेन. बँकेने पेनाला दोरी बांधली आणि बंदूक मोकळी ठेवली, यावरूनच चोरीची खरी भीती कशाची आहे ते कळावं. ही बंदूक कधी उडाल्याचं कोणी ऐकलेलं नाही, पण तिच्याशिवाय बँक उघडली तर ठेवीदार अस्वस्थ होतील. म्हणजे ती दिवसभर आपलं काम करत असते. पेन्शन काढायला आलेल्या आजीला ती दिसली की आजी निर्धास्त होते. त्या क्षणी बंदूक लागली, आणि दारूचा एक कणही खर्च झाला नाही. घरातल्या बंदुकीचंही तसंच. ती लोखंडी कपाटात, इस्त्रीच्या शालूखाली, कुलपात. पाहुणे आले, जेवणं झाली, सुपारी फुटली, की गोष्ट कुठूनतरी वाघावर, नाहीतर हल्लीच्या बिबट्यावर नेली जाते, आणि धाकट्याला सांगितलं जातं, “आण रे जरा.” धाकटा आणतो. व्याही ती हातात घेतात, वजन अजमावतात, एक डोळा मिटून ट्यूबलाइटवर नेम धरतात आणि परत देतात. सोयरीक पक्की. हाच परिणाम काडतूस उडवून साधायला गेलं तर छप्पर दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि सोयरीक बहुधा मोडते.

लग्नाच्या वरातीत मात्र ती पूर्वी उडायची, असं कोणी म्हणेल. उडायची, पण तिथेही नेम आकाशावरच. आकाश चुकवणारा नेमबाज अजून जन्मायचा आहे, तेव्हा तराजूचं कामच नाही. २०१९च्या दुरुस्तीने हर्षाच्या या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली, आणि वरातीने बंदूक सोडून फ्लेक्सचा रस्ता धरला. फ्लेक्सवरच्या बंदुकीला परवाना लागत नाही. तिची नळी हवी तेवढी लांब करता येते, आणि तिच्यामागे सिंह उभा करता येतो. चौकातून जाणाऱ्या प्रत्येकावर तिचा रोख असतो. नेमबाजीच्या इतिहासात इतकी लक्ष्यं एकाच वेळी गाठणारं शस्त्र दुसरं नसेल.

आता त्या दुसऱ्या वस्तूकडे. मास्तर ज्या निष्ठेने काडतूस भरतात, त्याच निष्ठेने आपल्याकडे भरला जातो तो परवान्याचा अर्ज. हाताने, रात्री दिव्याखाली, गुंजेगुंजेने तोलून. बुडाशी सात-बारा आणि आठ-अ. त्यावर कारखान्याची बिलं, प्राप्तिकराची विवरणपत्रं, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, कुठलाही गुन्हा नसल्याचं प्रतिज्ञापत्र. आणि या सगळ्याला पुढे ढकलणारी दारू म्हणजे ‘कारण’ हा रकाना. कारण लिहायचं जिवाला धोका, आणि सगळं कसब आहे ते हा धोका तोलण्यात. धोका कमी पडला तर अर्ज वाटेतच गळतो आणि ‘आपणांस शस्त्राची आवश्यकता दिसून येत नाही’ असा कागद घरी येतो. धोका जास्त झाला तर नळीच फुटते: या माणसाला एवढे शत्रू आहेत म्हणजे हा करतो तरी काय, अशी चौकशी त्याच्याच मागे लागते. म्हणून शत्रू असावा, पण एक किंवा दोन. बांधाचा वाद असावा, पण कोर्टात चालू असावा. गुन्हा दाखल झालेला असावा, पण तो समोरच्यावर. धमकी मिळालेली असावी, पण ती लेखी मिळालेली नसावी, कारण लेखी धमकी देणारा शत्रू फारच भोळा दिसतो. असा शत्रू तयार मिळत नाही. तो सांभाळावा लागतो, त्याच्याशी अधूनमधून पाण्याच्या पाळीवरून भांडावं लागतं, आणि त्याने मधेच समजूतदारपणा दाखवला तर फाइल पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते.

नुसती दारू चांगली असून भागत नाही, हे मास्तरांनाही ठाऊक आहे. गोळी नळीपेक्षा बारीक असते. साध्या शेतकऱ्याचा अर्जही कचेरीच्या मानाने बारीकच. जिल्हाधिकाऱ्यांकडून पोलीस अधीक्षकांकडे, तिथून उपविभागात, तिथून ठाण्यात आणि त्याच वाटेने परत, एवढ्या लांब नळीत तो नुसता सोडला तर इकडेतिकडे आपटत जाईल आणि कुठल्यातरी टेबलाच्या खणात निवांत पडेल. म्हणून त्याच्याभोवती एक वेष्टण लागतं. हे वेष्टण म्हणजे साहेबांची चिठ्ठी. कचेरीच्या खाचा तीच धरते, अर्जाला फिरवत फिरवत पुढे नेते. आणि तिचा खरा गुण हा, की तोंडाशी पोचल्यावर ती गळून पडते. मंजूर झालेल्या फाइलीत चिठ्ठी कुठेही सापडत नाही. परवाना सर्वस्वी गुणवत्तेवर मिळालेला असतो. चिठ्ठी गळली नाही आणि फाइलीलाच चिकटून राहिली, तर अर्ज भरकटतो, पुढे कोणीतरी माहितीच्या अधिकारात प्रत मागतो आणि वेष्टणासकट सगळं परत येतं. चांगल्या सॅबोची कसोटीही नेमकी हीच आहे: धरावं तेवढं घट्ट धरलं पाहिजे आणि सुटावं तेव्हा दोन्ही फाकळ्या एकदम सुटल्या पाहिजेत. अमेरिकेत हे साधायला प्लॅस्टिकच्या प्रतीवर संशोधन होतं. आपल्याकडे ते साधणारी माणसं तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर बसलेली असतात आणि त्यांना कोणी संशोधक म्हणत नाही.

इतक्या कष्टाने मिळालेली बंदूक मग निवडणुकीत ठाण्यात जाते. २०२४ हे वर्ष घ्या. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली ती नोव्हेंबरअखेरपर्यंत; दोन्ही मिळून जवळपास चार महिने. बारामती आणि इंदापूर लोकसभेला एकाच मतदारसंघात, आणि या मतदारसंघातली निवडणूक कशी असते ते मराठी वाचकाला मी सांगणं हा आगाऊपणा होईल. अशा वेळी कोणाची हत्यारं जमा करायची, हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, मागच्या निवडणुकीत दंगलीत सापडलेले, अशांकडे तिचं विशेष लक्ष असतं. वरवर पाहता ही नामुष्की. पण ठाण्याची नोटीस आलेला गृहस्थ बंदूक रिक्षातून नेत नाही, उघड्या जीपमधून नेतो, आणि जमा केल्याची पावती चार माणसांत खिशातून काढून पुन्हा घडी घालून ठेवतो. खरी पंचाईत होते ती नोटीस न आलेल्याची. ‘तुमच्यापासून कोणालाही धोका नाही’ असं सरकारने गावासमोर सांगितल्यासारखं ते आहे. ज्या माणसाने जिवाला धोका आहे असं लिहून बंदूक घेतली, त्याला आपणही थोडे धोकादायक आहोत एवढी तरी दखल हवी असते. आणि गंमत अशी, की ज्या काळात उभ्या उसात डुक्कर असतं त्या काळात बंदूक ठाण्यात असते, तरी शेताच्या नुकसानीत उणं-अधिक काही होत नाही. बंदूक घरी असताना ती डुक्कर मारत होती, हा दावा यानंतर करता येत नाही.

यावर एक आक्षेप खरा आणि रास्त आहे. डुकराचं नुकसान ही थट्टेची गोष्ट नाही. एका रात्रीत कळपाने मका झोपवला, भुईमूग उकरला, की त्या माणसाचा हंगाम गेला. त्याला तुम्ही शालूखालच्या बंदुकीची गोष्ट सांगता? सांगत नाही. पण त्याने स्वतः काय केलं ते पाहा. त्याने सौर झटका यंत्राची तार ओढली. बायकोच्या जुन्या साड्या शेताभोवती बांधल्या, आणि बांधावरून जाणाऱ्याला कोणती साडी कोणाच्या लग्नातली ते ओळखू येऊ लागलं. न्हाव्याच्या दुकानातून केसांची पोती आणून बांधावर पसरली. भोंग्यावर कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड करून रात्रभर लावलं, त्याने डुक्कर गेलं की नाही ते सांगता येत नाही पण वस्तीवरचे पाहुणे नक्की गेले. ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर गोफण होतीच. या यादीत अचूक मारणारं एकही साधन नाही, कारण डुक्कर मरायला हवं अशी त्याची अट नाही. ते दुसऱ्याच्या शेतात जायला हवं, एवढीच आहे. त्यासाठी आवाज, वास आणि झटका पुरतो. बाराबोरही त्याने काढली तरी हवेत एक बार टाकण्यासाठीच काढतो, आणि तेवढ्या आवाजाची सोय दिवाळीच्या उरलेल्या सुतळी बॉम्बमध्येही असते.

दुसरा आक्षेप त्याहून टोकदार आहे, आणि तो मास्तरांच्याच बाजूने आहे. अंदाजाने मारलेली गोळी प्राण्याला मारत नाही, जखमी करते. तो जीव चार दिवस कुठल्यातरी ओढ्यात तडफडतो, आणि जखमी डुक्कर समोर आलेल्या माणसाला फाडतं. म्हणून ज्याला मारायचंच आहे त्याने दशांश ग्रेनपर्यंत हिशेब करावा, ही दया आहे, हौस नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. मास्तरांच्या तराजूला मी हसतो, पण त्यांच्या या मुद्द्यापुढे हसू येत नाही. फक्त त्यातून निघतं ते एवढंच, की ज्याला दिसत नाही, ज्याचा सराव नाही आणि ज्याची काडतुसं पाच वर्षांपूर्वीची आहेत, त्याने चाप ओढू नये. आणि तो ओढतही नाही. सराव कशाने करणार? काडतुसं मोजकी, त्यांतली दोन गेल्यावर हिशेब द्यायचा, आणि सरावाला मैदान कुठलं? मोकळी जागा म्हणावी तिथे एकतर प्लॉटिंग पडलेलं असतं किंवा चिंकारा चरत असतो.

मग नेमबाजीचे खेळाडू? २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्यातला. महाराष्ट्रात नेम आहे याला आणखी काय पुरावा हवा? पण त्याच्या खेळात जी पॉइंट टू-टूची गोळी वापरतात ती घरी भरण्याजोगी नसतेच. कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधल्या गोळ्या मारून पाहायच्या आणि आपल्या रायफलीला मानवेल तो लॉट उचलायचा, अशी तिथली रीत. म्हणजे ऑलिंपिकच्या तोडीची अचूक नेमबाजी करणारा माणूसही दारू तोलत बसत नाही. मास्तरांना हे कळवू नये.

राहता राहिला प्रश्न बंदुकीच्या पुढच्या पिढीचा, आणि इथे शेतकऱ्याची खरी कसोटी लागते. २०१६च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा त्याने २५ वर्षं शस्त्र बाळगलं, की हयातीतच ते वारसाकडे सोपवायची सोय आहे. वारस मात्र एक लागतो, आणि घरात असतात तीन. जमिनीचे तीन तुकडे पडतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या पडतात, कारखान्याचे शेअर वाटून घेता येतात, आंब्याच्या झाडाच्या फांद्यांवरूनही समझोता होतो. दुनळी बंदुकीला नळ्या दोन असल्या तरी परवान्यावर फोटो एकाचाच चिकटतो. बंदुकीला सात-बारावर रकाना नाही, त्यामुळे तलाठ्याचा काही इलाज चालत नाही. पुण्यात दिलेली बहीण हक्कसोडीवर सही करायला येते आणि म्हणते, जमीन तुम्हाला घ्या, बंदूक मला द्या. तिच्या सोसायटीत कोणाकडेच नाही. थोरला म्हणतो, मी वडिलांबरोबर रानात राहिलो. मधला म्हणतो, नूतनीकरणाचे हेलपाटे मी घातले. धाकटा म्हणतो, पाहुण्यांसमोर ती प्रत्येक वेळी मीच आणली. शेवटी रस्त्याकडेचे चार गुंठे सोडून थोरला बंदूक घेतो, मधला कोर्टात जातो, धाकटा बोलणं टाकतो. आणि एका रात्री दिवा लावून थोरला नवीन फाइल भरायला बसतो: सात-बारा, आठ-अ, विवरणपत्रं, वैद्यकीय दाखला. कारण: जिवाला धोका. कोणापासून: सख्खे भाऊ, दोन.